दुकान पुण्यात, सायकल लातुरात: चार लाखांची रोडबाईक घेताना

लातूरच्या एका सायकलस्वाराचा प्रश्न आहे. उंची १७२ सें.मी., आठवड्याला दोनशेच्या आसपास किलोमीटर चालवणं, आणि पुढच्या हंगामात ३०० व ४०० किलोमीटरच्या ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करायच्या आहेत. बजेट चार लाख. मनात आहे शिमानोच्या अल्टेग्रा डीआय-टू या इलेक्ट्रॉनिक गिअरची कार्बन रोडबाईक. पुण्याचा डीलर म्हणतो, ५४ साइज चार महिन्यांनी येईल, पण पूर्ण पैसे आधी भरा. ५६ आज दुकानात उभी आहे, ती घेतली तर पंचवीस हजार कमी करतो. परदेशी वेबसाइटवर तीच सायकल तीन लाखांत दिसते. लातुरात त्या कंपनीचं दुकान नाही. काय करावं?

तुम्ही प्रश्न किमतीचा म्हणून मांडलाय, पण मला त्यात दुसराच प्रश्न दिसतो. दुकान तीनशेहून जास्त किलोमीटरवर आहे. अशा वेळी सायकल बिघडली की ती लातुरात किती दिवसांत पुन्हा चालू होईल, यावर तुमचे पैसे वसूल होणार की नाही ते ठरतं. पुण्यातल्या माणसाला हँगर, म्हणजे मागचा गिअर लटकतो तो छोटा तुकडा, वाकला तर संध्याकाळी दुकानात जाऊन बदलून मिळतो. तुम्हाला तोच हँगर कुरियरने यायला आठवडा लागतो, आणि कंपनीकडे शिल्लक नसेल तर दोन महिने. त्यामुळे मराठवाड्यात बसून महागडी सायकल निवडताना मी वजनाच्या आधी सुटे भाग बघतो.

तुम्ही स्वतः पाने हातात घेणारे असाल, किंवा कामानिमित्त महिन्याला पुण्याला जात असाल, तर खालच्या बऱ्याच अटी सैल करता येतील. छत्रपती संभाजीनगरला राहत असता तर थोडं वेगळं उत्तर दिलं असतं. लातूर, बीड, परभणी, हिंगोली, धाराशिवला राहणाऱ्याने मात्र हे नीट वाचावं.

आधी परदेशी वेबसाइटचं बघू, कारण मोह तिथेच होतो. समजा किंमत तीन लाख दिसते. साइट ब्रिटनची असेल तर त्यात तिथला २० टक्के व्हॅट धरलेला असू शकतो. निर्यातीच्या मालावर तो वजा होतो, म्हणजे मूळ किंमत अडीच लाख. आता वाहतूक. सायकलचं वजन नऊ किलो असलं तरी कुरियरवाले खोक्याच्या आकाराने पैसे घेतात. १४० × ८० × २५ सें.मी.च्या खोक्याचं आकारमान भागिले ५०००, म्हणजे ५६ किलोचं भाडं. विम्यासकट पंचवीस हजार धरा. झाले पावणेतीन लाख. सीमाशुल्क या बेरजेवर लागतं, नुसत्या सायकलच्या किमतीवर नाही. ३५ टक्क्यांनी हिशेब केला तर ९६,२५० रुपये, एकूण ३,७१,२५०. त्यावर ५ टक्के आयजीएसटी, १८,५०० च्या वर. आकडा ३,८९,८०० वर गेला. कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क आणि कुरियर कंपनीचं कस्टम्स सोडवण्याचं बिल मिळवलं की चार लाख पूर्ण होतात. आणि दाखवलेल्या किमतीत व्हॅट नसेलच, तर हाच हिशेब ४ लाख ६० हजारांवर जातो. मागवायच्या आधी त्या दिवसाचा शुल्काचा दर जरूर बघा, पण 'एक लाख वाचतात' हे डोळे झाकून धरू नका.

वॉरंटीचा मुद्दा याहून मोठा आहे. फ्रेमला बीबीजवळ (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा दांडा फिरतो ती जागा) तडा गेला तर दावा बहुतेक वेळा जिथे खरेदी केली तिथेच करावा लागतो. म्हणजे फ्रेम सुटी करून पॅक करायची, स्वतःच्या खर्चाने पाठवायची आणि बदली फ्रेम पुन्हा कस्टम्समधून सोडवायची. परदेशातला नातेवाईक सामानातून आणणार असेल तरी मर्यादेवरच्या किमतीवर शुल्क लागतं आणि ते विमानतळावर जाहीर करायचं असतं. बिल लपवून आणलेली सायकल पुढे वॉरंटीलाही चालत नाही आणि विकतानाही अडते.

आता पुण्याच्या डीलरने सांगितलेली किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. जुन्या दराने चार लाखांना असलेली सायकल, मूळ किंमत तीच राहिली तर, नव्या दराने ३,७५,००० ला बसते. फरक बरोबर पंचवीस हजारांचा. तुम्हाला ५६ वर पंचवीस हजारांचीच सूट सांगितली आहे, म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: ही सूट कोणत्या एमआरपीवरची? खोक्यावरचं लेबल जुन्या कराचं असेल तर ती सूट नाही, नुसता उतरलेला कर आहे. डीलरला खोटं ठरवायचा हेतू नाही. दुकानात कधी कधी जुनी किंमत-यादीच फिरत असते. कोटेशनमध्ये करपूर्व किंमत आणि कर वेगळे लिहून मागा, लगेच उलगडा होईल.

समजा सूट खरी आहे. तरी १७२ उंचीला ५६ घ्यायची का? माझं उत्तर नाही, पण ते आकड्यांवर ठरवा. ५४ आणि ५६ ही नुसती नावं आहेत आणि प्रत्येक कंपनीत त्यांचा अर्थ बदलतो. बघायचे ते दोन आकडे: रीच आणि स्टॅक, म्हणजे बीबीपासून हेडट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतचं आडवं आणि उभं अंतर. एका साइजने रीच साधारण पाच ते आठ मिलिमीटरने आणि स्टॅक वीसेकने वाढतो. रीचमधला दहा मिलिमीटरपर्यंतचा फरक स्टेम (हँडल धरणारा तुकडा) बदलून भरून निघतो. त्यापुढे स्टेम ८० मिलिमीटरच्या खाली गेला की उतारावर हँडल फार चंचल होतं. वाढलेला स्टॅक मात्र कमी करता येत नाही. स्टेमखालचे सगळे स्पेसर (कड्या) काढले तरी हेडट्यूब तेवढीच उंच राहते. उलट लहान फ्रेमवर स्पेसर घालून वर येता येतं, अर्थात बऱ्याच कंपन्या कार्बन स्टिअररवर (फोर्कच्या वरच्या नळीवर) ३० ते ४० मिलिमीटरपेक्षा जास्त स्पेसर चालू देत नाहीत. म्हणून दोन साइजच्या मध्ये अडकलात तर खालच्या साइजकडे झुका.

पुण्याला जाणार असाल तर सायकल ठरवायच्या आधी फिटिंग करून घ्या. लोक हे सायकल घेतल्यावर करतात. फिटरकडून सीटची उंची आणि बीबीपासून हँडलचं आडवं-उभं अंतर लिहून घ्या. ते तीन आकडे हातात असले की कोणत्याही कंपनीच्या तक्त्यावर तुमची साइज घरी बसून शोधता येते. ते होईपर्यंत सुरुवातीचा अंदाज म्हणून आतल्या पायाचं माप ०.८८३ ने गुणा, ८० सें.मी. असेल तर बीबीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७०.६ सें.मी.

हे आधी करायचं कारण म्हणजे आजकालचं एकसंध हँडल-स्टेम. चार लाखांच्या बऱ्याच सायकलींवर हँडल आणि स्टेम एकाच कार्बनच्या तुकड्यात येतात, आणि ब्रेकच्या नळ्या त्यातून हेडसेटमार्गे (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमधून) फ्रेममध्ये जातात. दिसायला फार सुंदर. पण स्टेम दहा मिलिमीटरने कमी करायचा झाला तर संपूर्ण हँडल नवं, आणि ते मिळालं तरी दोन्ही नळ्या सोडून, कापून, नळीच्या टोकाचे नवे जोड (ऑलिव्ह-बार्ब) बसवून ब्रेक ब्लीड करणं, म्हणजे त्यातली हवा काढणं, आलं. हेडसेटची वरची बेअरिंग बदलतानाही बहुतेक डिझाइनमध्ये हेच. आणि आपल्याकडे वरची बेअरिंग लवकर जाते. एप्रिल-मे मध्ये घाम सरळ स्टेमवर ठिबकतो, त्यात धूळ, वर धुताना मारलेलं पाणी. गंजलेल्या बेअरिंगची खूण सोपी आहे: पुढचं चाक उचलून हँडल हळूच डावी-उजवीकडे फिरवा, मधोमध येताना खाचेत बसल्यासारखं अडकलं तर बेअरिंग गेली. साध्या स्टेमच्या सायकलीवर हे अर्ध्या तासाचं काम, एकसंध हँडलवर दिवसाचं. तुमच्या ठिकाणी मी वेगळा स्टेम असलेली किंवा निदान नळ्या स्टेमच्या खालून जाणारी सायकल घेईन.

दुसरी गोष्ट बीबी. थ्रेडेड (आट्यांची) घ्या, मग ती बीएसए मापाची असो वा टी-४७. प्रेस-फिट, म्हणजे दाबून बसवलेली, वाईटच असते असं नाही, पण कवचाचं माप जरा चुकलं तर करकर सुरू होते आणि बीबी काढायला-बसवायला योग्य हत्यार लागतं. हातोडीने ठोकून काढण्याच्या नादात कार्बनचं कवच गेलेल्या फ्रेम दुरुस्तीला येतात.

तिसरी गोष्ट हँगर. मागचा डिरेलर (चेन चकत्यांवरून हलवणारा भाग) फ्रेमला ज्या ॲल्युमिनियमच्या छोट्या जिभेवर लटकतो ती. तिचं काम वाकण्याचंच आहे, म्हणजे फ्रेम वाचते. सायकल उजव्या अंगावर आडवी झाली, ट्रॅव्हल्सच्या डिकीत कुणी बॅग टेकवली, की ती जरा आत जाते. बारा स्पीडच्या कॅसेटमध्ये (मागच्या चकत्यांच्या संचात) दोन चकत्यांच्या मध्यांतलं अंतर चार मिलिमीटरहून कमी असतं. मग दोन मिलिमीटर वाकलं तरी गिअर उड्या मारतात, आणि सगळ्यात मोठ्या चकतीवर गेल्यावर डिरेलर स्पोकमध्ये अडकण्याची भीती असते. ॲप उघडून डीआय-टूची सेटिंग करत बसलेले अनेक जण बघतो. दोष मात्र हँगरमध्ये असतो. मागे उकिडवं बसून बघा: डिरेलरच्या दोन्ही छोट्या पुली आणि वरची चकती एका रेषेत दिसायला हवीत. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असल्याने सायकल घेतानाच दोन जादा घ्या. फ्रेम यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) प्रकारची असेल तर उत्तम, तो हँगर अनेक कंपन्यांना चालतो. दोन सायकलींमध्ये बाकी सगळं सारखं असेल तर मी यूडीएचवाली निवडेन.

आता तुमचा अल्टेग्राचा हट्ट. सध्याची बारा स्पीड अल्टेग्रा फक्त इलेक्ट्रॉनिक येते. केबलवाली बारा स्पीड हवी तर शिमानोचीच खालच्या श्रेणीतली १०५. आणि १०५ मध्येही डीआय-टू मिळतं. १०५ डीआय-टू आणि अल्टेग्रा डीआय-टूच्या वजनात पाव किलोच्या आसपास फरक आहे; गिअर पडण्यात जो फरक आहे तो ४०० किलोमीटरच्या ब्रेवेत तुम्हाला जाणवणार नाही. चार लाखांत अल्टेग्रा बसवण्यासाठी कंपनी जड चाकं आणि साधे टायर देते. तेवढ्याच पैशात १०५ डीआय-टू आणि चांगली चाकं असलेली सायकल रस्त्यावर जास्त सुख देते. म्हणून मी १०५ डीआय-टू म्हणेन. घरी सर्व्हिस करायची आवड असेल तर केबलवालं १०५ सुद्धा मनापासून सुचवतो: केबल तुटली तर खिशातल्या जादा केबलने काम भागतं. ती साधारण लिव्हरच्या आतच कुजते, तार-तार होते आणि गिअर जड पडायला लागतात. तेव्हाच बदला, तुटेपर्यंत थांबलात तर तुकडा आत अडकतो.

इलेक्ट्रॉनिक घेतलंत तर एक बारीक गोष्ट. बारा स्पीड डीआय-टूच्या लिव्हरमध्ये सीआर १६३२ सेल लागतात. गल्लीतल्या घड्याळाच्या दुकानात सीआर २०३२ सहज मिळतो, १६३२ सहसा मिळत नाही. चार सेल आणि एक जादा चार्जिंग केबल आणून ठेवा. ती केबल शिमानोची खास असते, मोबाइलची चालत नाही. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या रोड लिव्हरना २०३२ चालतो, पण त्यांच्या रोड ब्रेकना डॉट ऑइल लागतं, शिमानोला मिनरल ऑइल. यांची अदलाबदल केली की आतली रबरी सीलं फुगून ब्रेक कायमचा जातो. गावातल्या कुणाही मोटरसायकल मेकॅनिकला ब्रेक उघडू देण्याआधी हे स्वतः सांगा.

चाकं आणि टायरवर थोडं थांबतो, कारण आपल्याकडे खरा त्रास इथे होतो. ३२ मिलिमीटरचा टायर बसून दोन्ही बाजूंना जागा उरेल अशीच फ्रेम घ्या. ऊस हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते, सिमेंटच्या हायवेचे सांधे, आणि पावसात शेतातून रस्त्यावर आलेली काळी माती: २८ च्या चिंचोळ्या जागेत ती माती अडकली की चाक जागच्या जागी थांबतं. पाऊस उघडला की कडेला सराटे वाढतात, पिकले की सगळीकडे पसरतात, आणि बाभळीचे काटे तर बारमाही. त्यासाठी ट्यूबलेस हाच उपाय. दर टायरला ४० ते ५० मि.ली. सीलंट (भोक बुजवणारा द्रव) घाला आणि उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हमधून तपासा. ४२ अंशांत ते आत सुकून रबराची चिंधी होते आणि तुम्ही समजता की ट्यूबलेस चालत नाही. ७० किलोच्या माणसाला ३२ च्या टायरमध्ये ५५ ते ६० पीएसआय पुरे. सोबत दोन टीपीयू (हलक्या प्लॅस्टिकच्या) ट्यूब आणि हातपंप ठेवा.

रिम मात्र हुकवाली, म्हणजे टायरची कड पकडणारी खाच असलेली, घ्या. हुकलेस रिमला ७२ पीएसआयच्या वर हवा भरता येत नाही आणि कंपनीच्या यादीतलेच टायर चालतात. ब्रेवेत रात्री टायर फाटला आणि कुणी मदतीला साधा टायर दिला, तर तो हुकलेसवर बसवणं धोक्याचं आहे. पेट्रोल पंपावरच्या हवेचा अंदाजही तिथे चालत नाही. गिअरिंगचं टेन्शन नको: पुढे ५०/३४ आणि मागे ११-३४ असलं की मांजरसुंब्याचा घाट असो वा खुलताबादचा, बसून चढता येतो.

आता डीलरशी बोलायचं कसं. पूर्ण पैसे आधी भरू नका. दहा ते पंधरा टक्के टोकन रास्त आहे, कारण कार्बन सायकल मागवून ग्राहक फिरला तर डीलरचा पैसाही अडकतो. टोकनच्या पावतीवर मॉडेलचं पूर्ण नाव आणि वर्ष, साइज, रंग, ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच), चाकं, ठरलेली किंमत आणि अपेक्षित तारीख लिहून घ्या. त्याखाली एक ओळ: या तारखेनंतर अमुक दिवसांत सायकल आली नाही किंवा किंमत वाढली तर टोकन पूर्ण परत. कंपनीकडे ऑर्डर नोंदवल्याचा मेल दाखवायला सांगा. 'येईल' आणि 'नोंदवली आहे' यात चार महिन्यांचा फरक पडू शकतो. मधल्या साइज आधी संपतात, म्हणून त्याच डीलरला इतर शहरांतल्या दुकानांचा साठा बघायला लावा. लातूरकरांना हैदराबादही पुण्याइतकंच जवळ आहे. वाद झालाच तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे लातुरातच, तक्रार करता येते. त्यासाठी ही पावती आणि बँकेतून केलेलं पेमेंट उपयोगी पडतं.

किमतीत आणखी दहा हजार कमी करा असं म्हणण्यापेक्षा त्या दहा हजारांचे भाग मागा: दोन हँगर, ब्रेक पॅडच्या दोन जोड्या, एक चेन आणि दोन क्विक लिंक, हेडसेटची वरची बेअरिंग, ऑलिव्ह-बार्बचा संच, ब्लीड फनेल आणि मिनरल ऑइलची बाटली. डीलरला हे खरेदी-किमतीत पडतं, म्हणून तो नकद सुटीपेक्षा लवकर तयार होतो, आणि तुमचं पहिलं दीड वर्ष पुण्याला न जाता निघतं. टॉर्क रेंच (मोजून कसायचा पाना) स्वतः घ्या, २ ते १४-१५ न्यूटन-मीटरचा. स्टेम आणि सीटपोस्टचे बोल्ट साधारण ५ न्यूटन-मीटरला कसतात, पण भागावर छापलेला आकडाच प्रमाण.

जुनी सायकल घ्यायची म्हटलं तर एवढंच: मूळ बिल हवं, बीबीखालचा फ्रेम नंबर त्याच्याशी जुळायला हवा, आणि फ्रेमची वॉरंटी सहसा पहिल्या मालकालाच असते हे धरून किंमत ठरवा. नाण्याने टकटक करून कार्बनचा तडा कळतो यावर विसंबू नका. सीट क्लॅम्प, चेनस्टे आणि हेडट्यूबच्या खालची बाजू विजेरीच्या उजेडात तपासा.

सायकल आणायला शक्य असेल तर स्वतः जा. दुकानात चालवून बघा, फ्रेम नंबर बिलावर लिहून घ्या आणि तिथेच कंपनीच्या साइटवर नोंदणी करा. ब्रेकची लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर आत हवा आहे, ब्लीड करूनच घ्या. खोक्यात घालून आणणार असाल तर मागचा डिरेलर हँगरवरून सोडून बबल रॅपमध्ये गुंडाळून आतल्या बाजूला बांधा, डिस्क रोटर काढून वेगळे ठेवा, आणि कॅलिपरमध्ये प्लॅस्टिकची चकती घाला. ती नसताना कुणी लिव्हर दाबली तर पिस्टन बाहेर येतात आणि पॅड एकमेकांना चिकटतात. गाडीत आणत असाल तर उन्हात बंद काचांच्या गाडीत सायकल ठेवून जेवायला उतरू नका.

पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर स्टेम, सीटपोस्ट आणि क्रँकचे बोल्ट रेंचने पुन्हा तपासा. चेन झीज मोजायच्या गेजवर ०.५ दाखवली की बदला. बारा स्पीडची कॅसेट चेनपेक्षा कितीतरी महाग आहे आणि आपल्या धुळीत चेन लवकर झिजते. पॅडची जाडी दर महिन्याला बघा. ५४ ची वाट बघण्यात चार महिने जाणार असतील तर त्या काळात फिटिंग उरका, ब्लीड आणि हँगर बदलणं शिकून घ्या, आणि सध्याच्या सायकलवर २०० ची ब्रेवे करा. तिला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस आणि ४०० ला सत्तावीस.